कायदेमंडळातले तेलंग

काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचे नाव निघाले की त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद आठवतो, फार तर मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू म्हणून त्यांचा उल्लेख होतो; पण मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यांच्या कायदेमंडळातील कामामुळे.

१८५० साली जन्मलेले तेलंग १८७२ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. रामायण होमरवरून बेतले आहे, असे म्हणणाऱ्या वेबर या जर्मन पंडिताला त्यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले आणि त्यात आवेशाऐवजी पुराव्यांची छाननी होती. हीच सवय घेऊन ते १८८४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले. तेव्हाच्या सरकारनियुक्त सभासदाला ना प्रश्न विचारता येत, ना अंदाजपत्रकावर बोलता येई. जे विधेयक पुढे येईल, त्याची कलमे तपासणे एवढेच त्याच्या हाती असे.

मुंबई महापालिकेचे विधेयक आले, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या बरोबरीने तेलंगांनी हेच केले. १८८८ च्या कायद्याप्रमाणे ७२ सभासदांपैकी ३६ जण वॉर्डांतून निवडून यायचे होते आणि सरकार नेमणार होते फक्त १६. त्याहून महत्त्वाचे मला ६४ वे कलम वाटते. त्यात शहराचा कारभार महापालिकेकडे सोपवला आहे आणि आयुक्ताला अंमलबजावणीचे अधिकार दिले आहेत. मालक कोण आणि कारभारी कोण, हे इतक्या थोड्या शब्दांत ठरवून टाकणारे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. हा कायदा अजूनही लागू आहे.

समाजसुधारणेचे समर्थक असूनही घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे नमून त्यांनी आपल्या मुलीचे लग्न लहान वयात लावले, ही गोष्ट मला मनापासून खटकते, आणि त्यांच्यावर प्रेम असले तरी ती झाकावीशी वाटत नाही. सभेत एकेका शब्दासाठी अडून बसणाऱ्या माणसाला घरात तसे अडून बसता आले नाही.

१८८९ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि कायदेमंडळातले काम तिथेच थांबले. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हायकोर्टातली त्यांची रिकामी झालेली जागा न्यायमूर्ती रानड्यांना मिळाली. ते तेलंगांपेक्षा आठ वर्षांनी मोठे होते.