टेबलाचा धुरा

आमच्या विभागाच्या रिसर्च रूममध्ये टेबलं ९ आणि पीएचडी करणारे आम्ही २३. हा हिशेब चुकला कसा, तर तो कोणी केलाच नव्हता. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आमच्याकडे अनुक्रमे एक, दोन आणि दोन गाइड, म्हणजे गाडी २८पर्यंत जाऊ शकते. एकेकाला किती फूट टेबल, हे मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, गाइड मिळाला, आरआरसी या संशोधन समितीपुढे विषय मंजूर झाला आणि रूमवर पहिल्या दिवशी मी बॅग खांद्याला तशीच ठेवून अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहिलो.

विद्यापीठ गावाबाहेर, दोन अंगांना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मी अपडाऊनवाला. सव्वासातची एसटी सापडली तर नऊच्या आत पोचायचो, ती हुकली की साडेदहा. एसटीत जागा कशी धरतात हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. गाडी फाट्यावर थांबते न थांबते तोच खिडकीतून रुमाल आत. रुमाल पडला की ती सीट त्याची, मग मालक दारातल्या चेंगराचेंगरीत दहा मिनिटं अडकलेला असला तरी चालतं. रिसर्च रूममध्ये हाच कायदा लागू होता. कोणाचा रुमाल, कोणाचा डबा, एकाची तर नुसती चष्म्याची रिकामी डबी. तो महिनाभर आला नाही, पण डबीला कोणी हात लावला नाही.

आणि टेबल म्हणजे नुसतं टेबल नसतं, त्याला जमिनीसारखी प्रत असते. खिडकीत कुलर होता, त्याच्या झोतात येणारी दोन टेबलं ओलिताची, बाकी सात कोरडवाहू. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ओलितवाल्यांचा रुबाब बघावा. पण त्यांचेही कागद उडायचे, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर नदीतला एकेक गोटा. पाऊस लागला की तोच कुलर दमट हवा फेकायचा आणि ओलिताची किंमत उतरायची. तेव्हा भाव दाराजवळच्या टेबलाला, कारण तिथे स्लॅब गळत नव्हता. डिसेंबरात पूर्वेच्या खिडकीतलं ऊन ज्याच्या पाठीवर पडेल तो राजा. वीज हा आणखी वेगळा विषय. भिंतीत चालू सॉकेट एकच, त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, म्हणजे सामाईक विहीर. लॅपटॉप पाळीनं चार्ज व्हायचे आणि पाळी मोडली की विहिरीवर होते तीच भांडणं व्हायची, तेवढ्याच जोरात.

कोपऱ्यातलं टेबल तर कोणालाच नको असायचं. तिथे पोचायला तीन खुर्च्या पुढे सरकवायला लावाव्या लागत. जमीन महसूल संहितेत, १९६६च्या, कलम १४३ आहे. शेताच्या बांधावरून रस्ता मागायचा तर तहसीलदाराकडे याच कलमाखाली अर्ज करतात. खेड्यात हा आकडा पोरांनाही पाठ असतो. कोपऱ्यातला गडी पाणी प्यायला उठला की ओरडायचा, "१४३!" आणि तीन जण खुर्च्यांसकट टेबलाला चिकटायचे.

मला अर्धं टेबल मिळालं. सनमायकाचं, चार फूट बाय दोन. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात, म्हणजे गुंठाभर जागेत अशी १३६ टेबलं बसतील. हा हिशेब मी संशोधनाच्याच वेळात केलेला आहे. दुसऱ्या अर्ध्यावर एक ताई होत्या, मला दोन वर्षं सीनियर. त्यांचा विषय गुलाबी बोंडअळी. २०१७ साली या अळीनं आमच्या भागातली पऱ्हाटी कशी खाल्ली ते मी घरच्या शेतात पाहिलं होतं. फूल पुरतं उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून राहते, त्याला डोमकळी म्हणतात. वरून बोंड शाबूत दिसतं आणि फोडलं की आत दोन सरक्या एकमेकींना चिकटवून अळी निवांत बसलेली. ताई शेतांतून हिरवी बोंडं आणायच्या, प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवायच्या, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबरबँड लावायच्या. मग रोज सकाळी मोजणी. कुठल्या डब्यातून किती पतंग निघाले, ते वहीत.

माझ्या बाजूला पुस्तकं, झेरॉक्स आणि चहाचा कप. सुरुवातीला मी अंग चोरून बसायचो. मग एक फाइल आडवी झाली. मग कप तिच्या पलीकडे गेला. वाईट हेतू नव्हता हो, पण धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोरणाऱ्याचाही नसतोच. दरवर्षी वखर फक्त एक ओळ आत धरतो तो, आणि दहा वर्षांनी मोजणीवाला आला की सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटतं. आमच्या आबाजींचं शेजाऱ्याशी अशा कोरलेल्या धुऱ्यावरून आयुष्यभर बोलणं नव्हतं. लग्नाची पत्रिका जायची, माणूस जायचा नाही. आबाजींचा राग मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि गंमत अशी की तो शेजारी त्याच्या घरी काय सांगत असेल हे मला या टेबलावर बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

एका संध्याकाळी परतीची एसटी गाठायची घाई होती. झेरॉक्सचा नवा गठ्ठा ठेवायला जागा हवी म्हणून ताईंचे दोन डबे मी पलीकडे लोटले. लोटले म्हणजे एका हातानं, न बघता.

सकाळी रूम उघडली तर ट्यूबलाइटच्या पट्टीवर करडे, नखाएवढे पतंग बसलेले. एक माझ्या कपात मेलेला. एका डब्याचा रबरबँड निघून कापड लोंबत होतं. ताई बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, डबा हलवला होता काय काल?"

"नाही."

हे मी म्हणालो. पंधरा दिवसांची मोजणी गेली होती, आणि मी नाही म्हणालो. त्यांनी वहीत त्या डब्यासमोर आडवी रेघ मारली आणि दुसरा डबा जवळ ओढला.

शिपाई काकांकडे रूमची किल्ली होती, म्हणजे खरी सत्ता त्यांच्याकडे होती. संध्याकाळी मी सगळ्यात शेवटी निघालो होतो हे त्यांना माहीत होतं. ते बोलले काही नाहीत. दुपारी डबे खाऊन झाल्यावर (त्या दिवशी कोणाकडे तरी पाटोडीचा रस्सा होता, त्यामुळे वातावरण जरा मवाळ होतं) ऑफिसातली लाकडी फूटपट्टी घेऊन आले आणि टेबल मोजायला लागले. ताईंकडे १ फूट ५ इंच. माझ्याकडे २ फूट ७.

"काऊन बाप्पा, धुरा कोरून राहिले काय?"

सगळी रूम हसली. मी पण हसलो, कान मात्र तापले होते. काकांनी निळ्या बॉलपेननं मधोमध एक रेघ ओढली, मग वीतभर अंतर सोडून दुसरी. "हा धुरा. दोघायचा असते. त्याच्यावर कोनी पेरत नाई." धुऱ्यावर बोरीचं झाड असलं तर बोरं दोघांची, तसं त्या वीतभर पट्ट्यात स्टेपलर, पाण्याची बाटली आणि ताईंनी आणलेल्या संत्र्यांची पिशवी ठेवायची असं ठरलं. संध्याकाळी मी ताईंना डब्याचं खरं सांगितलं. "माहीत आहे," म्हणाल्या, "कपात पतंग होता ना तुमच्या." या दोन गोष्टींचा संबंध काय ते मला अजून कळलेलं नाही, पण विचारायची हिंमत झाली नाही.

मध्ये हेड सरांनी वेळापत्रकही लावून पाहिलं. निम्मे सोम-बुध-शुक्र, निम्मे मंगळ-गुरू-शनि. रंगीत प्रिंट, सहीशिक्क्यासह. आठ दिवस टिकलं. पतंगांना मंगळवार कळत नाही, आणि एसटी बंद पडली तर सोमवारवाला सोमवारी येतोच असं नाही. मुख्य म्हणजे आमची गर्दी वारांनी हलतच नव्हती. मृग लागला की पेरणीसाठी निम्मी रूम गायब. पोळ्याला चार दिवस कुलूपच. दसऱ्यानंतर सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली आणि वेचणी लागली की पुन्हा एकेक टेबल रिकामं, कारण मजूर मिळत नाहीत आणि पीएचडी करणारा पोरगा घरी फुकट असतो. खरी मारामारी दोनच वेळा व्हायची, एकदा उन्हाळ्यात कुलरसाठी आणि एकदा फेलोशिपचा प्रगती अहवाल द्यायच्या आठवड्यात. तेवढ्यापुरतं काका व्हरांड्यात दोन जुने बाक टाकायचे, आणि भागायचं.

यंदा माझा व्हायवा झाला. परवा पेढे घेऊन विभागात गेलो. ताई केव्हाच नोकरीला लागून गेल्या आहेत. आमच्या टेबलावर आता दोन नवी पोरं आहेत, एक वर्ध्याकडचा, एक मुलगी गडचिरोलीची. निळ्या रेघा पुसट झाल्यात, पण दिसतात. मी सवयीनं माझ्या जागेशी जाऊन पेढ्यांचा डबा टेकवला आणि खुर्ची शोधायला लागलो. पोरगा उठला, अभिनंदन सर म्हणाला, एक पेढा घेतला, आणि दोन बोटांनी डबा हळूच सरकवून स्टेपलरच्या शेजारी धुऱ्यावर नेऊन ठेवला.