कोळी ओळखायचा तर रंग सगळ्यात शेवटी बघा

"घरात तपकिरी कोळी दिसला, कोणता?" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. घरातले निम्मे कोळी तपकिरीच असतात. शिवाय नर-मादीचे रंगही जुळत नाहीत. उड्या मारणाऱ्या प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळा, अंगावर पांढरे पट्टे, मादी मातकट. त्यामुळे आधी जाळं बघायचं, मग बसायची ढब.

छताच्या कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं आणि त्यात उलटा लटकलेला, काडीसारख्या लांब पायांचा कोळी म्हणजे बहुधा क्रॉसोप्रायझा. झाडूच्या हिराने जाळ्याला हलकंच टोचा. पळून जायच्या ऐवजी तो अंग इतकं जोरात हलवतो की नुसता धूसर ठिपका दिसतो. थांबला की पोट बाजूने बघा: खोक्यासारखं, मागे वर निघालेलं टोक. मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून लटकते. रेशीम इतकं विरळ असतं की मोबाइलने झूम केलं तर अंडी सुटी सुटी दिसतात.

रात्री भिंतीवर दिसणारा पंजाएवढा कोळी म्हणजे हेटेरोपोडा. जाळं नाही, अंग चपटं, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. लोक आकार सांगताना पायांसकट सांगतात. शरीर जेमतेम अडीच सेंटिमीटर असतं. पोटाखाली नाण्यासारखी चपटी पांढरट पिशवी असेल तर ती मादी. झुरळं खातो, राहू द्यावा.

बागेत जाळ्याच्या मधोमध नागमोडी फुली दिसली तर तो आर्जिओपी. डोकं खाली, पाय जोडीजोडीने जुळवलेले, म्हणून चारच पाय आहेत असं वाटतं. फसगत होते ती फुलीवर विसंबल्यामुळे: कधी तिचा एकच हात विणलेला असतो, कधी एकही नाही. बसायची ढब मात्र तीच.

आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतील तर त्यांच्यात एखादी 'मुंगी' आठ पायांची निघते. हा मुंगीची नक्कल करणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून चालतो. फांदीवरून हलकेच झटकला तर धाग्यावर लोंबकळतो. मुंगी सरळ खाली पडते.

फोटो तीन हवेत: वरून, समोरून डोळ्यांचा आणि पोटाच्या बाजूने. तिसऱ्यासाठी कोळ्यावर काचेचा पेला उपडा ठेवा, खालून पारदर्शक प्लास्टिक सरकवा आणि खालूनच फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.