काळ्यावर पांढरं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोव्यात दारोदार गाड्यांची न्हाणी चाललेली असतात. चार महिन्यांच्या पावसाने उडवलेला तांबडा चिखल उतरतो, पत्र्यावर वॅक्स चढतं, बॉनेटमध्ये समोरचा माड दिसायला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूची माळ बांधायला वाकलं, की दिसतं : बंपरच्या काळ्या प्लास्टिकला कुणीतरी चुना लावून गेलंय.

लावणारे आपणच. हे प्लास्टिक, बहुधा पॉलिप्रॉपिलीन, पत्र्यासारखं रंगवलेलं नसतं आणि गुळगुळीतही नसतं. साच्यातच त्याच्यावर चामड्यासारखी बारीक कणी उठवलेली असते. वॅक्सचं फडकं वरून फिरलं की उंचवटे पुसले जातात आणि खाचा भरतात. त्यात आपली हवा दमट. वॅक्स वाळायला वेळ लागतो, माणसाला धीर नसतो, आणि अर्धवट वाळलेलं वॅक्स पुसताना निघतं कमी, फासलं जातं जास्त. डाग ओला असताना दिसत नाही, ही खरी फसवणूक. धुतलेली गाडी काळीभोर दिसते, आपण समाधानाने चहा प्यायला आत जातो, आणि कप रिकामा होईपर्यंत पांढरं परत हजर.

घासायला बसण्याआधी ते पांढरं कुठल्या जातीचं आहे ते ओळखावं. पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे गोल उभे राहिले आणि डाग पत्र्याच्या कडेला फराट्यासारखा असेल, तर ते वॅक्स. खाचांत खडूसारखी पूड बसली असेल, तर ती बहुतेक रबिंग पॉलिशमधली घासणारी भुकटी. ती विरघळत नाही, ब्रशने उकरूनच काढावी लागते. आणि थेंब पसरले, करडेपणा सगळीकडे सारखा आणि उन्हाकडच्या बाजूला जास्त असेल, तर प्लास्टिकच उन्हाने विटलंय. त्याला साफसफाईचा उपयोग नाही. या तिसऱ्या जातीवर तासन्‌तास घासत बसणारे पुष्कळ.

वॅक्स असेल तर सुरुवात सौम्य उपायाने. कोमट पाणी, कार शॅम्पू, जुना मऊ टूथब्रश. लहान लहान गोल फिरवायचं, मग कणीच्या आडवं-उभं. एका वेळी वीतभर जागा, आणि फेस वाळायच्या आत ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. अख्खा बंपर घासून झाल्यावर पाणी मारलं, तर तोवर सुटलेलं वॅक्स फेसाबरोबर पुन्हा खाचांत जाऊन बसलेलं असतं. काम सावलीत करावं हे त्याच कारणासाठी. नारळाचं सोडण मात्र भांड्यांपुरतंच ठेवा; त्याने उंचवटे झिजतात आणि तिथे कायमची चकाकी येते.

एवढ्याने निघालं नाही, तर ऑल पर्पज क्लीनर, एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी, आणि तोच ब्रश. फार्मसीतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल समभाग पाण्यात मिसळूनही चालतं, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. ते वॅक्समधली तेलं उचलतं. खुद्द कार्नौबा मेणावर त्याचा फारसा जोर चालत नाही. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं, वितळतं ८२ ते ८६ अंशांना. काजूही पोर्तुगिजांनी ब्राझीलहूनच इथे आणला. पण त्या नात्याने फेणी वापरून पाहू नये. मेण हलणार नाही आणि फेणी जाईल.

मेणाचा खरा शत्रू ऊब. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट हलता ठेवायचा आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने दाबून पुसायचं. डबीतल्या वॅक्समध्ये कार्नौबाबरोबर नरम मेणंही असतात, त्यामुळे ते वितळेपर्यंत तापवायची गरज नसते, मऊ झालं की पुरे. हीट गन नको. विटलेलं प्लास्टिक तिने काळं होतं खरं, पण हात क्षणभर थांबला की कणी वितळून सपाट.

पेन्सिल खोडायचा पांढरा रबर हा सगळ्यांत दुर्लक्षित इलाज. वायपरखालची जाळी, आरशाचं बूड, दरवाजाच्या पट्टीचा कोपरा, अशा जागी वॅक्स त्याला चिकटून वळ्या होऊन येतं. रंगीत रबर नको, त्याचाच डाग पडतो. पीनट बटरचीही ख्याती आहे आणि ती खोटी नाही. शेंगदाण्याचं तेल मेण नरम करतं. पण नंतर शॅम्पूने दोनदा धुतलं नाही, तर गाडीला मुंग्यांची रांग लागते.

अगदीच हट्टी डागाला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहायचं, शेजारच्या पत्र्याला मास्किंग टेप लावायची. फडकं ओलसर, निथळतं नाही. दहा-पंधरा सेकंद चोळून लगेच शॅम्पूने धुवायचं. जास्त वेळ राहिलं तर पॉलिप्रॉपिलीन ते शोषून फुगतं. थिनर आणि ॲसिटोन गाडीजवळ आणूच नका. ग्रिल किंवा आरशाचं कव्हर पुष्कळदा एबीएस या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं असतं, ते विरघळायला लागतं.

खोबरेल चोळून डाग झाकायची युक्ती घरोघरी चालते. त्याने काही निघत नाही, खाच तेलाने भरते एवढंच. दोन दिवस काळं दिसतं, मग खाणपट्ट्यातून एक फेरी झाली की तांबडी धूळ त्यावर थापली जाते. त्यापेक्षा प्लास्टिक स्वच्छ आणि पूर्ण कोरडं झाल्यावर पाण्याच्या आधाराचं ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे काळ्या प्लास्टिकला लावायचा लेप, पातळ लावावं. पुढच्या खेपेला हेच वॅक्सच्या आधी लावलं तर खाचा आधीच भरलेल्या राहतात. पत्र्याच्या कडेला अर्ध्या इंचाची मास्किंग टेप, वॅक्स थेट गाडीवर नाही तर पॅडवर, तेही कडेपासून आतल्या बाजूला नेत.

पूजेला नारळ फोडताना पाणी बंपरवर उडालं, तर ओल्या फडक्याने तेव्हाच टिपा. वाळल्यावर तेही पांढरंच दिसतं, आणि मग कुणीतरी घरातून हेअर ड्रायर घेऊन येतं.