गरीब गाय आणि लढाऊ गुराब

मराठीत एखाद्याला ‘स्वभावाने गरीब’ म्हटलं की त्याच्या खिशाचा प्रश्नच येत नाही. चौसोपी वाड्यातली सूनही गरीब असू शकते, गोठ्यातली गाय तर असतेच. अरबीत मात्र ‘ग़रीब’ म्हणजे परका, नाहीतर विचित्र. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तिकडे फकीर; तो शब्द आपण कफनीवाल्याला देऊन मोकळे झालो.

जुन्या वळणाच्या अरबी कोशात शब्द सापडतात ते धातूखाली. हा धातू ग़ैन, रे, बे या तीन अक्षरांचा, आणि त्यात निघून जाण्याचा, दुरावण्याचा भाव. सूर्य जातो ती दिशा ‘ग़र्ब’, पश्चिम. त्या वेळची नमाज मगरिब, आणि पार पश्चिमेचा मोरोक्को अरबीत ‘अल-मग़रिब’. माणूस मुलूख सोडून गेला की तो ग़रीब, आणि त्याचं ते परकेपण ‘ग़ुर्बा’. आपल्या माणसांपासून तुटला तो गरीब, हा हिशेब मला दारिद्र्यरेषेपेक्षा जास्त पटतो.

सीरियातून जीव घेऊन पळालेला उमय्या घराण्यातला राजपुत्र अब्दुर्रहमान ७५६ साली स्पेनमध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. तिथल्या बागेतलं एकटं खजुराचं झाड पाहून त्याने रचलेल्या म्हणून काही ओळी सांगितल्या जातात. खजुरांच्या देशापासून दूर, पश्चिमेच्या भूमीत तू परकं. मीही तुझ्यासारखाच, असा त्यांचा भाव. मराठीत ‘पश्चिम’ आणि ‘परकं’ एकमेकांना ओळखतही नाहीत. अरबीत ते सख्खे, त्यामुळे दिशेचं नाव घेतलं तरी विरह ऐकू येतो. तख्तावर बसलेला माणूस असा गरीब!

त्याच मुलखाच्या पश्चिम टोकाला आजचा पोर्तुगालचा अल्गार्व्ह. नाव त्याच ‘अल-ग़र्ब’वरून आलेलं. पोर्तुगालचे राजे स्वतःला अल्गार्व्हांचेही राजे म्हणवत. म्हणजे गोव्यावर हुकूम चालवणाऱ्यांच्या बिरुदातही हा धातू होताच.

कोशात याच धातूखाली कावळाही बसलेला असतो, ‘ग़ुराब’. जुन्या अरबी कवितेत तो ओरडला की ताटातूट ठरलेली. ‘वियोगाचा कावळा’ हा तिथला रुळलेला शब्दप्रयोग. आमच्याकडे तोच वळचणीला ओरडला की भाताचं आधण वाढवायचं, पाहुणा येणार!

हा कावळा कोकणात पोहोचला तो मात्र जहाज होऊन. अरबीत ग़ुराब हे एका जातीच्या जहाजाचंही नाव. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली दोन-तीन डोलकाठ्यांची, टोकदार नाळेची (पुढच्या भागाची) गुराब ती हीच. इंग्रजांनी तिचं ‘ग्रॅब’ केलं आणि तिचा धसकाही घेतला. गरीब गाय आणि तोफा डागणारी गुराब एकाच कुळातल्या, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

आखातात नोकरीला गेलेल्या मराठी माणसाने तिथल्या दुकानदाराला ‘मी गरीब माणूस, भाव कमी करा’ असं विनवलं, तर समोरच्याला त्यातला ‘ग़रीब’ तेवढा कळेल. हा परका आहे, शिवाय थोडा विचित्रही, एवढं तो समजेल. भाव काही उतरणार नाही.