चेक इंजिनचा दिवा आणि एक नंबरची उचकी

गाडी घरी आणून पाचच दिवस झाले होते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की ती अंग झटकल्यासारखं करायची. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, गाडीला उचकी लागलीय." जुना मालक आठवण काढत असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली, आणि तेवढ्यात समोर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नुसता लागला असेल आणि गाडी बाकी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. जास्त तापला तर तो आतून वितळतो, आणि तो बदलायचा म्हणजे खिशाला मोठी कात्री. मी त्या दिवशी तसाच अर्धा तास गाडी रेटली. कन्व्हर्टर वाचला, ते नशीब.

गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे दोन कोड निघाले. पी०३०१, म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मेस्त्री म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब." नवा सेन्सर बसला, कोड पुसले, दिवा गेला. तीन दिवसांनी उचकी आणि दिवा दोन्ही परत.

थर्मामीटर ताप दाखवतोय म्हणून थर्मामीटरच बदलावा, तसा हा प्रकार होता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती हे तो सेन्सर मोजतो; बिचारा जे दिसतंय ते सांगत होता. पण खरं सांगायचं तर चूक माझीही तेवढीच. सेन्सर खराब आहे हे कशावरून, एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही.

मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा स्कॅनर आणला. तो मोबाइलवर आकडे दाखवतो. मिसिंगचं काम त्यामानाने सोपं निघालं. चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल. इंजिन गार असताना एक नंबरची कॉइल काढून तीनवर लावायची, तीनची एकवर, कोड पुसायचे आणि चक्कर मारून यायचं. मिसिंग एकवरच राहिलं तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायचं. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच दोषी. झाला.

पण कॉइल उपसतानाच दुसरी गोष्ट दिसली होती. तिचं रबरी टोक इंजिन ऑइलने चिंब. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत बोटभर ऑइल साठलेलं. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरीभोवतीच्या रबरी रिंगा उष्णतेने कडक होऊन तडकल्या होत्या. तिथून झिरपलेल्या ऑइलने रबर खराब केलं, ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच बाजूला उडायला लागली आणि शेवटी कॉइल गेली. नुसती कॉइल बदलली असती तर काही महिन्यांत हेच परत.

इथे एक सांगतो, कारण मी यात फसलो. विहिरीत ऑइल असताना प्लग सोडू नका. आधी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं. मी टिपलं, पण पुरेसं नाही. सगळं जोडून इंजिन चालू केलं तर मागून निळसर धूर. पिस्टनच्या रिंगा गेल्या, गाडी भंगारात, इथपर्यंत माझ्या मनाने मजल मारली. पाच मिनिटांत धूर थांबला. आत गेलेलं ऑइल जळून संपलं, एवढंच.

पॅकिंग बदलताना जुना चिकटलेला भाग खरवडण्यात सगळी दुपार गेली. कव्हरचे बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, म्हणजे मनगटाला फारसं काही जाणवतच नाही. आपल्याला सवय नट करकचून आवळायची, आणि त्यातच कव्हर तडकतं. नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत बघून टॉर्क पाना वापरला.

उचकी गेली. पी०१७१ मात्र गेला नाही.

मला वाटलं होतं तोही जाईल. पेट्रोल पेटलं नाही की त्याच्या वाट्याची हवा तशीच बाहेर पडते, आणि सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली. तेवढा भाग खरा निघाला. संगणक जादा सोडत असलेलं पेट्रोल २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. पण निरोगी इंजिनात हा आकडा शून्याच्या आसपास, फार तर पाच-सातच्या आत हवा. मग मी स्कॅनर बघत रेस दिली. आयडलिंगला १६, आणि २,५०० आरपीएमला ४. खरी खूण हीच. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठल्यातरी फटीतून हवा आत येत असेल, तर ती फट ठरावीक मापाची असते. इंजिन कमी हवा ओढतं तेव्हा तिच्यातून चोरून येणारी हवा भारी पडते, आणि जास्त ओढायला लागलं की तीच हवा किरकोळ होते. हवा मोजणारा सेन्सर मंद झाला असता, तर आकडा उलट रेसला वाढला असता.

म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेला (इनटेकला) जोडलेला व्हॅक्यूमचा एखादा पाइप कुठेतरी फाटलाय. डोळ्यांनी शोधून सापडेना. शेवटी त्याच मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी इनटेकमध्ये धूर सोडला आणि दोन मिनिटांत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतून, इनटेककडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या अंगाने एक बारीक धूररेघ वर आली. बोट फिरवल्यावर चीर लागली. ती वरून दिसणं शक्यच नव्हतं. मेस्त्री सेन्सरबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. पाइपचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

आता आकडा दोन-तीनवर स्थिर आहे. स्कॅनरमध्ये गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची यादी दिसते. कोड पुसले की त्या 'अपूर्ण' होतात आणि पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. माझ्या सगळ्या 'पूर्ण' झाल्या तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. घेण्याआधी हीच यादी पाहायला हवी होती, कोड नुकतेच पुसलेत का ते कळलं असतं. पाच दिवस दिवा लागला नव्हता, तो का?

जुन्या मालकांना फोन करून सहज विचारलं. ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "हो, लागायचा ना अधूनमधून. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवायची, जातो तो."