नॅचेझ ट्रेस : नॅशव्हिलपासून मिसिसिपी नदीपर्यंत सायकलवरून

टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहराच्या नैर्ऋत्येला नॅचेझ ट्रेस पार्कवे हा निसर्गरम्य रस्ता जिथे सुरू होतो, तिथे मैलाच्या खांबांची गणती ४४४ वर असते. दक्षिणेकडे निघालेल्या सायकलस्वारासमोर हा आकडा मैलागणिक एकाने उतरत जातो आणि तो शून्यावर येतो तेव्हा आपण अलाबामाचा कोपरा ओलांडून मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावी पोहोचलेलो असतो. सुमारे ७१५ किलोमीटरच्या या वाटेवर वाहतुकीचा एकही सिग्नल नाही. आम्ही दोघांनी हा रस्ता ऑक्टोबरमध्ये, सामान सायकलवरच लादून, पार केला. पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून वाटेचे वर्णन आणि तयारीच्या गोष्टी येथे एकत्रच लिहीत आहे.

हा रस्ता इतका निवांत का आहे हे आधी समजून घेतले, तर पुढची सगळी आखणी नीट होते. १९३८ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला आणि त्याचे शेवटचे तुकडे २००५ मध्ये जोडले गेले. मालवाहू आणि व्यावसायिक वाहनांना येथे बंदी आहे, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ५० मैल आणि काही टप्प्यांत ४० मैल आहे, कडेला जाहिरातीचे फलक नाहीत, दुकाने नाहीत आणि पेट्रोलपंपही नाहीत. ज्या नियमांमुळे ट्रकचा गोंगाट टळतो, त्याच नियमांमुळे खाण्यापिण्याच्या प्रत्येक वस्तूसाठी मुख्य रस्ता सोडून एखाद्या गावात उतरावे लागते. हे गाव कधी रस्त्याला लागूनच असते, तर कधी काही मैल बाजूला, आणि बाजूच्या त्या रस्त्यांवर ट्रकही असतात आणि मोकळी कुत्रीही. म्हणून रोज किती मैल कापायचे हे ठरवण्याआधी रोज कुठे खायचे आणि कुठे पाणी भरायचे हे ठरवावे. प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि एका जेवणाचा शिधा कायम जवळ असावा, असे माझे मत आहे.

उत्तरेकडचे शंभर मैल या प्रवासाचा सर्वांत देखणा भाग आहेत. ४३८ व्या मैलाजवळ दुहेरी कमानींचा काँक्रीटचा पूल लागतो. १९९४ मध्ये पूर्ण झालेला हा पूल दरीच्या तळापासून सुमारे १५५ फूट उंचावर आहे. पुलावर थांबू नये. तो खालून पाहण्यासारखा आहे आणि त्यासाठी बाजूला वाहनतळ ठेवलेला आहे. तेथून पुढे ओक आणि हिकरीच्या जंगलातून रस्ता टेकड्यांच्या माथ्यावर चढतो आणि पुन्हा ओढ्यांच्या पातळीवर उतरतो. एकही चढ दमछाक करणारा नाही, परंतु चढउतारांची ही मालिका थांबत नाही आणि सामान लादलेल्या सायकलला हलके गिअर लागतातच. ४०४ व्या मैलापुढच्या जॅक्सन फॉल्सला मात्र अवश्य उतरावे. धबधब्याच्या तळाशी नेणारी पायवाट लहान असली तरी तीव्र उताराची आहे, त्यामुळे क्लीट (पेडलला अडकणारी खाच) असलेले सायकलचे बूट घालून तिच्यावर जाऊ नये, सोबत साधे बूट ठेवावेत. आम्ही गेलो तेव्हा खडकाच्या पायऱ्यांवरून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या आणि खालच्या डोहावर पिवळ्या पानांचा थर इतका दाट होता की पाणी कुठे सुरू होते ते काठीने चाचपून पाहावे लागत होते.

या वाटेचा इतिहास पाटीवर वाचण्यापेक्षा तिच्यावरून जाताना अधिक कळतो. हा मूळचा चोक्टॉ, चिकसॉ आणि नॅचेझ या मूळ अमेरिकी लोकांचा पायरस्ता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ओहायो खोऱ्यातले शेतकरी आणि नावाडी आपला माल सपाट तळाच्या होड्यांतून मिसिसिपीने खाली नॅचेझ किंवा न्यू ऑर्लीन्सला आणीत, माल विकीत, होड्याही लाकडाच्या भावाने विकून टाकीत आणि याच वाटेने पायी घरी परतत. त्यांना केंटक म्हणत. नॅचेझहून नॅशव्हिलला चालत जायला साधारण ३५ दिवस लागत. पुढे प्रवाहाविरुद्ध चालणाऱ्या वाफेच्या बोटी आल्या आणि पायी परतण्याची गरजच उरली नाही. वाट ओस पडली, तिच्यावर दाट वस्ती कधी झालीच नाही, आणि आज सायकलस्वाराला मिळणारे जंगल काही अंशी तरी त्यामुळे मिळालेले आहे.

३८५.९ मैलावर मेरिवेदर लुईस यांची कबर आहे. सहकारी क्लार्क यांच्यासह पॅसिफिक महासागरापर्यंतची मोहीम पार पाडलेला हा माणूस वयाच्या ३५ व्या वर्षी, ११ ऑक्टोबर १८०९ रोजी, येथल्या ग्राइंडर्स स्टँड या उतारशाळेत बंदुकीच्या जखमांनी मरण पावला. ती आत्महत्या होती की खून, यावर आजही वाद घातला जातो. अपुऱ्या आयुष्याची खूण म्हणून १८४८ मध्ये येथे मुद्दाम भग्न ठेवलेला स्तंभ उभारला गेला. जवळच विनाशुल्क तंबूतळ आहे. पार्कवेवर असे तीन तळ आहेत : येथे, १९३.१ मैलावर जेफ बझबी येथे आणि ५४.८ मैलावर रॉकी स्प्रिंग्ज येथे. जागा आधी येणाऱ्याला मिळते, आरक्षण होत नाही, वीज आणि स्नानगृह नाही. त्यांशिवाय केवळ सायकलस्वारांसाठी राखलेल्या काही साध्या जागाही आहेत. छपराखाली झोपायचे असेल, तर ३५५ व्या मैलाजवळचे कॉलिनवुड, १८० व्या मैलाजवळचे फ्रेंच कॅम्प आणि १६० व्या मैलाजवळचे कॉझिअस्को ही गावे रस्त्याला लागून आहेत. तेथल्या खोल्या मोजक्या असतात, तेव्हा आधी फोन करूनच निघावे.

अलाबामातला टप्पा अवघा ३३ मैलांचा आहे. ३३८ व्या मैलाजवळ, पार्कवेपासून थोडे बाजूला, टॉम हेंड्रिक्स यांनी आपल्या युची या मूळ अमेरिकी वंशाच्या खापरपणजीच्या स्मरणार्थ अनेक वर्षे दगडावर दगड रचून उभारलेली भिंत आहे. खापरपणजीला तिच्या मुलुखातून पश्चिमेला हाकलून देण्यात आले होते आणि ती तेथून पायी परत आली होती. भिंतीत कुठेही चुना-सिमेंट नाही. येथे तासभर काढावाच. पुढे कोल्बर्ट फेरीपाशी टेनेसी नदीवरचा जवळजवळ मैलभर लांबीचा पूल लागतो. त्यावर वारा आडवा लागतो आणि वाहनांना बाजू द्यायला जागा नसते, म्हणून मागची रहदारी ओसरू द्यावी आणि मग एका दमात पार व्हावे.

मिसिसिपी राज्यात शिरल्यावर २८६.७ मैलावर फार माउंड्स आहेत. साधारण अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीची आठ दफनटेकाडे ९० एकरांच्या मोकळ्या कुरणात पसरलेली आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे उंचवटे स्पष्ट उठून दिसतात, भर दुपारी मात्र ती सपाट भासतात. त्यानंतर मधल्या मिसिसिपीत रस्ता पाइनच्या जंगलातून सरळ आणि एकसुरी जातो. येथे मैल भराभर उरकावेत. १२२ व्या मैलावरच्या सायप्रसच्या दलदलीत लाकडी पुलावरून फेरफटका मारता येतो. काठावर मगरीसारखे ॲलिगेटर असू शकतात, तेव्हा पाण्याजवळ बसू नये.

खरी काळजी घ्यावी लागते ती तीन ठिकाणी : उत्तर टोकापासून फ्रँकलिनकडे जाणाऱ्या ९६ क्रमांकाच्या रस्त्यापर्यंत, टुपेलो शहराच्या आसपास, आणि रिजलँड व जॅक्सन यांच्याजवळ. येथे स्थानिक लोक पार्कवेचा वापर कामावर जाण्यासाठी करतात, रस्त्याला कडेची पट्टी नाही, आणि सकाळी व संध्याकाळी गाड्या एकामागोमाग येतात. हे टप्पे कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि दुपारी तीनच्या आत ओलांडावेत. रिजलँडजवळ समांतर डांबरी सायकलमार्ग आहे, तो वापरावा. नियमाप्रमाणे सायकली एकामागे एक चालवायच्या असतात. भडक रंगाचे कपडे आणि मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला असावा. सायकलस्वाराला पूर्ण मार्गिका वापरण्याचा हक्क आहे आणि तशा पाट्याही आहेत. आंधळ्या वळणावर कडेला चिकटून चालण्यापेक्षा मार्गिकेच्या मध्याजवळ राहणे सुरक्षित ठरते, कारण मागचा चालक मग चुकीच्या जागी पुढे जाण्याचा मोह धरत नाही. संधिप्रकाशात हरणे रस्त्यावर येतात, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठावा.

शेवटचे पन्नास मैल पुन्हा सावकाश करावेत. रॉकी स्प्रिंग्ज येथे १८६० मध्ये २,६१६ लोक राहत होते. आज टेकडीवरचे चर्च, दफनभूमी आणि झाडांत गंजत पडलेल्या तिजोऱ्या एवढेच उरले आहे. यादवी युद्ध, पिवळा ताप, कापसावरची कीड आणि वाहून गेलेली माती यांनी मिळून हे गाव संपवले. ४१.५ मैलावर मूळ वाटेचा खोल खचलेला तुकडा जपून ठेवलेला आहे. वाऱ्याने आणलेली येथली मऊ, पिवळसर माती पावलांनी, खुरांनी आणि पावसाने झिजत गेली आणि वाट दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या खाली उतरली. भिंतींतून बाहेर आलेल्या मुळांना हात लावला, तर बोटांना पिठासारखी माती लागते. पुढे १०.३ मैलावरून थोडे आत गेल्यावर आठ एकरांवर पसरलेले एमराल्ड माउंड आहे. मिसिसिपी संस्कृती या टेकाडे रचणाऱ्या प्राचीन संस्कृतीच्या टेकाडांमध्ये ते देशात आकाराने दुसरे आहे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे योग्य महिने आहेत. वसंतात वादळांचा अंदाज रोज पाहावा. उन्हाळ्यातली उष्णता आणि दमटपणा टाळावा. गवतात बसल्यास गोचिडी लागतात, रोज संध्याकाळी अंग तपासावे. मोबाईलचे सिग्नल लांब पल्ल्यात नसतात, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि निघण्यापूर्वी रस्त्याच्या डागडुजीमुळे कोणते टप्पे किंवा तळ बंद आहेत, कुठे पाणी चालू आहे, हे उद्यान सेवेकडून विचारून घ्यावे. दोन जादा ट्यूब, एक टायर आणि चेन जोडण्याचे हत्यार जवळ हवेच. नॅचेझला प्रवासी रेल्वे नाही. जॅक्सनपर्यंत किंवा नॅशव्हिलला परत जाण्यासाठी सायकली मावतील अशी भाड्याची गाडी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.