निर्धास्त

मंगळवार, रात्री साडेअकरा

शेक्सपिअरचं नाटक ‘मॅकबेथ’ पुन्हा वाचायला घेतलं. कॉलेजात याच्यावर ठरलेलं उत्तर लिहायचो: महत्त्वाकांक्षेपायी झालेला नाश. आज पहिल्याच अंकात थबकले. तू राजा होशील, असं चेटकिणी मॅकबेथला सांगतात आणि त्याच्यासोबतचा सेनानी बँको त्याला विचारतो, एवढं चांगलं ऐकून तू दचकलास का? हा प्रश्न तेव्हा माझ्या नजरेतून सुटला होता. आनंदाच्या आधी भीती आली. राजा डंकनच्या खुनाचं नुसतं चित्र मनात उमटलं आणि त्याच्या अंगावर काटा आला.

महत्त्वाकांक्षा आहेच, पण ती एकटी पुरत नाही. घोड्याला टाच मारायला आपल्याकडे तेवढंच आहे, असं तो स्वतःच म्हणतो आणि बायकोला सांगून टाकतो की आता यात पुढे जायचं नाही. मग ती काय करते? मुकुटाचं आमिष दाखवत नाही, घाबरलास का, असं विचारते. रणात नाव कमावलेल्या माणसाला भित्रा म्हणवून घेण्याची भीती! मला वाटतं, डंकनचा जीव त्या भीतीनेच घेतला.

राज्य मिळाल्यावर तर हाव संपतेच. तिसऱ्या अंकात तो म्हणतो, नुसतं राजा असणं काहीच नाही, निर्धास्त राजा असलं पाहिजे. मराठीत हा शब्द मनात आला आणि मी पुस्तक मिटून बसले. निर्धास्त. त्यातली धास्ती ऐकूच येते.

मागच्या वर्षी मी विभागप्रमुख झाले. मनापासून हवं होतं ते. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो तो ही जागा कोण घेईल याचा. गेल्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी नावं पाठवायची होती. आमच्यातल्या सगळ्यात हुशार मुलीचं नाव मी गाळलं, ‘अजून अनुभव हवा’ म्हणून. मला काही मिळवायचं नव्हतं त्यात. यादी अजून माझ्याकडेच आहे. उद्या तिचं नाव घालायचं.

मॅकबेथला मात्र मागे फिरता येत नाही. बँकोचे वंशज राजे होतील, असंही चेटकिणींनी सांगितलेलं असतं, म्हणून तो त्याच्यावर मारेकरी घालतो. बँको मरतो, पण त्याचा मुलगा फ्लीन्स निसटतो आणि हा पुन्हा कोंडल्यासारखा होतो. पुढे विरोधात गेलेला सरदार मॅकडफ इंग्लंडला गेलेला असताना त्याच्या बायकामुलांना मारायला माणसं पाठवतो. त्या पोरांकडून कोणता मुकुट मिळणार होता?

पाचव्या अंकात आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. तो म्हणतो, भीतीची चव मी जवळजवळ विसरलोय. एके काळी रात्रीची किंकाळी ऐकून अंग गार पडायचं, भयंकर गोष्ट ऐकली की केस ताठ व्हायचे. पहिल्या अंकातला काटा आठवला. आता काहीच हलत नाही. मग कोणीतरी येऊन सांगतं, राणी गेली.